ऊसपट्ट्यातील कृष्णा–पंचगंगा काठ : वाडी, खिद्रापूर, कुरुंदवाड आणि हरिपूर कसे पाहावे?

संगमकाठ

शिरोळ तालुक्यात पाहुणे आले की त्यांचा कार्यक्रम जणू छापील असतो. सकाळी नृसिंहवाडीला दत्तदर्शन, पेढे आणि कवठाच्या बर्फीची खरेदी, दुपारी खिद्रापूरच्या कोपेश्वर मंदिरात तासभर छायाचित्रे आणि संध्याकाळपर्यंत कोल्हापूर. ही स्थळे एकाच नदीने घडवली आहेत, हे पाहण्यास एवढ्या वेळात कोणालाच सवड मिळत नाही. म्हणून हा धागा काढत आहे. माझे म्हणणे एवढेच आहे की या पट्ट्यातील कोणतीही जुनी वास्तू पाहताना आधी एक प्रश्न विचारावा : पूर आला की हिचे काय होते? त्या प्रश्नाच्या उत्तरातून वास्तू बऱ्याच अंशी उलगडते.

वाडीचेच उदाहरण घ्या. कृष्णा आणि पंचगंगा यांच्या संगमावर श्रीनृसिंहसरस्वतींचे बारा वर्षे वास्तव्य होते आणि तेथून ते गाणगापूरला गेले, अशी परंपरा आहे. येथे मूर्तीऐवजी मनोहर पादुकांची पूजा होते. मंदिर घाटावर, जवळजवळ नदीच्या पातळीवरच आहे आणि त्याला कळस नाही. विजापूरच्या आदिलशहाने आपल्या कन्येची दृष्टी परत आल्यावर हे मंदिर बांधून दिले, असे परंपरा सांगते, आणि औरवाड व गौरवाड ही दोन गावे इनाम मिळाल्याची हकिकतही तिच्याशी जोडली जाते. एवढ्या खालच्या जागेवर मंदिर बांधणाऱ्याला पुराची कल्पना नव्हती, असे कोणी म्हणणार नाही. येथे पुराला अडवलेले नाही, वाट करून दिलेली आहे. पाणी चढले की ते उत्तरेकडील दारातून आत येते, पादुकांवरून वाहते आणि दक्षिणेकडील दारातून बाहेर पडते. यालाच दक्षिणद्वार सोहळा म्हणतात, आणि त्या पाण्यात स्नान करण्यासाठी भाविक रात्री-अपरात्रीही येतात. पाणी आणखी वाढले की उत्सवमूर्ती वरच्या बाजूला, नारायणस्वामींच्या मंदिरात नेतात आणि नित्याची पूजा तेथे सुरू राहते. ज्या आपत्तीने इतर गावांची झोप उडते, तिच्या पहिल्या पायरीचा वाडीने उत्सव केला आहे. पाणी त्या पायरीवर थांबत नाही, हे 2005, 2019 आणि 2021 मध्ये आम्ही पाहिले, तो भाग वेगळा.

खिद्रापूरचे उत्तर निराळे आहे. कृष्णेच्या मोठ्या वळणात, तिन्ही बाजूंनी नदी असलेल्या जागी शिलाहारांच्या काळात, बाराव्या शतकात, कोपेश्वराचे मंदिर उभे राहिले. ते उंच जोत्यावर आहे आणि खालच्या थरात रांगेने कोरलेले हत्ती जणू संपूर्ण मंदिर पाठीवर तोलून उभे आहेत. त्या हत्तींच्या पायांशी पाणी आलेले ज्याने पाहिले आहे, त्याला गजथर हा निव्वळ शोभेचा भाग वाटत नाही. (शिल्पशास्त्रात तो देशभर आढळतो, हे मला ठाऊक आहे. येथे तो अधिक शोभतो, एवढेच म्हणतो.)

समोरचा स्वर्गमंडप मुख्य मंदिरापासून थोडा सुटा आहे. 48 खांब, मध्यभागी छत नाही, सुमारे 13 फूट व्यासाचे वर्तुळाकार आकाश, आणि त्याच्या बरोबर खाली तेवढीच मोठी एकसंध गोल शिला. आत सभामंडप, अंतराळ (सभामंडप आणि गर्भगृह यांना जोडणारे दालन) आणि गर्भगृह. गर्भगृहात कोपेश्वर आणि धोपेश्वर, म्हणजे शिव आणि विष्णू, अशी दोन लिंगे आहेत. नंदी मात्र नाही. सती नंदीवर बसून दक्षाच्या यज्ञाला गेली, म्हणून तो येथे नाही आणि पलीकडे कर्नाटकातील यडूरला आहे, अशी कथा आहे. संतापलेल्या शिवाची समजूत काढण्यासाठी विष्णू आले, म्हणून ते शेजारी आहेत. शिव आणि विष्णू एका गाभाऱ्यात का, नंदी कोठे गेला आणि नदीपलीकडच्या गावाशी नाते काय, हे तिन्ही प्रश्न या एका कथेने सोडवले आहेत.

माझा सल्ला असा की दोन दिवस द्यावेत आणि नदीच्या प्रवाहाच्या क्रमाने यावे : हरिपूरचा वारणा–कृष्णा संगम, मग वाडी, कुरुंदवाड आणि शेवटी खिद्रापूर. जाणकारांनी भर घालावी, आणि चुकत असेन तर दुरुस्त करावे.

खोडवा

धागा उत्तम आहे. ऊस लावणारा माणूस म्हणून काही व्यावहारिक गोष्टी सांगतो.

पहिली गोष्ट हंगामाची. गळीत हंगाम साधारणपणे दिवाळीच्या आसपास सुरू होतो आणि मार्चपर्यंत चालतो. पाहण्यासाठी हाच काळ सर्वांत चांगला, कारण पूर ओसरलेला असतो, हवा कोरडी असते आणि काठावर ऊसतोड मजुरांच्या खोपी पडलेल्या असतात. मात्र याच काळात रस्त्यावर बैलगाड्या आणि दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर असतात. कुरुंदवाडहून अकिवाट आणि सैनिक टाकळीमार्गे खिद्रापूरला जाणारा रस्ता अरुंद आहे, आणि दिवे नसलेली ट्रॉली अंधारात पुढ्यात येईपर्यंत दिसत नाही. सूर्यास्तानंतर त्या रस्त्याने परतण्याचे टाळावे. तोडणीपूर्वी आलात तर दोन्ही बाजूंना पुरुषभर उंच ऊस असतो आणि देऊळ जवळ येईपर्यंत मागमूस लागत नाही. तोडणी झाल्यावर तेच देऊळ लांबून दिसते.

दुसरी गोष्ट गुऱ्हाळाची. साखर कारखाना पाहुण्यांना सहजासहजी आतून पाहता येत नाही, पण गुऱ्हाळावर कोणीही उभे राहू शकते. चरकातून रस निघतो, तो मोठ्या काहिलीत ओततात आणि खाली चुलवाणात वाळलेले चिपाड पेटते. रस निवळण्यासाठी भेंडीच्या झाडाचे चिकट पाणी घालतात, आणि वर आलेली मळी काढून टाकतात. पाक कोणत्या क्षणी उतरवायचा हे गुळव्या ठरवतो, आणि त्याच्या नजरेपुढे कोणतेही यंत्र ठेवून चालत नाही. क्षणभर उशीर झाला तर रंग काळवंडतो, लवकर उतरवला तर ढेप बसत नाही. करवीर आणि पन्हाळा तालुक्यांत अजून गुऱ्हाळे आहेत, पण पूर्वीच्या मानाने फारच थोडी उरली आहेत. शाहू महाराजांनी 1895 मध्ये कोल्हापुरात शाहूपुरी ही व्यापारी पेठ वसवली आणि गुळाचा बाजार तेथे वाढला, तेव्हा गुऱ्हाळालाही ऐतिहासिक स्थळ म्हणण्यास हरकत नसावी.

तिसरी गोष्ट बंधाऱ्यांची. कोल्हापूर पद्धतीचा बंधारा देशभर त्याच नावाने ओळखला जातो, पण येथे येऊन तो मुद्दाम पाहणारा मला आजवर भेटला नाही. दगडी खांबांच्या खाचांमध्ये पावसाळा संपला की बरगे, म्हणजे आडव्या फळ्या, घालतात, पाणी अडते, आणि पुढचा पाऊस लागण्यापूर्वी बरगे काढून घेतात. पुराला वाट द्यायची आणि उन्हाळ्याला पाणी अडवायचे, हे संगमकाठ यांनी वाडीच्या मंदिराबद्दल लिहिले आहे तेच तत्त्व येथेही दिसते. तेरवाडचा बंधारा वाडीपासून फार दूर नाही.

दुर्बीण

स्वर्गमंडपासंबंधी थोडे. त्रिपुरी पौर्णिमेला चंद्र बरोबर त्या वर्तुळाच्या वर येतो, म्हणून तेथे दरवर्षी गर्दी होते आणि दिवे लावले जातात. याला कोणी चमत्कार म्हणतो, तर कोणी एकदम थोतांड. दोन्ही म्हणणी घाईची आहेत.

पौर्णिमेचा चंद्र सूर्याच्या समोर असतो. कार्तिकात सूर्य विषुववृत्ताच्या दक्षिणेस जितका कललेला असतो, साधारण तितकाच तो चंद्र उत्तरेस असतो. नोव्हेंबरच्या मध्यास हा कल सुमारे 18 अंश असतो, आणि खिद्रापूरचे अक्षांश सुमारे 16.7 अंश उत्तर आहेत. म्हणजे मध्यरात्रीच्या सुमारास त्या पौर्णिमेचा चंद्र जवळजवळ माथ्यावर येणारच. चंद्राची कक्षा सूर्याच्या मार्गाला सुमारे पाच अंशांनी तिरपी असल्यामुळे आणि तिथीही मागेपुढे होत असल्यामुळे काही वर्षी तो नेमका मध्यावर दिसतो, तर काही वर्षी थोडा बाजूला. असा चंद्र याच अक्षांशांवरील कोणत्याही अंगणातून दिसेल, पण ते आकाश वर्तुळाच्या चौकटीत बसवून खाली तेवढीच शिला ठेवण्याची कल्पना ज्या स्थपतीला सुचली, त्याचे श्रेय कमी होत नाही.

ज्यांना गर्दी नको असेल त्यांनी मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात भर दुपारी जावे. त्या सुमारास येथे शून्य सावलीचा दिवस येतो, म्हणजे सूर्य बरोबर माथ्यावर असतो, आणि सूर्यप्रकाशाचे वर्तुळ शिलेवर बरोबर उतरते. डोक्यावर टोपी आणि सोबत पाणी घेण्यास विसरू नये.

वीरगळ

संगमकाठ यांच्या लेखात दोन गोष्टींची उणीव जाणवली. खिद्रापूरला जाणारे बहुतेक लोक कोपेश्वर पाहून परत फिरतात, पण त्याच गावात आदिनाथाचे प्राचीन जैन मंदिरही आहे. शिलाहारांच्या राज्यात शैव आणि जैन दोन्ही परंपरांना आश्रय होता, आणि या पट्ट्यातील गावांत आजही जैन शेतकऱ्यांची मोठी वस्ती आहे. कुंभोजजवळ बाहुबलीच्या डोंगरावरील 28 फुटी मूर्ती 1963 मधली आहे, परंतु तिच्यामागची परंपरा फार जुनी आहे. खिद्रापूरची दोन्ही मंदिरे एकत्र पाहिल्याशिवाय हा प्रदेश समजत नाही.

दुसरी गोष्ट शिलालेखांची. कोपेश्वराच्या दक्षिण दाराजवळ बाहेरच्या भिंतीवर देवगिरीच्या यादव सिंघणाचा संस्कृत लेख देवनागरी लिपीत आहे. शिलाहारांचे राज्य सिंघणाने तेराव्या शतकाच्या आरंभी संपवले, हे लक्षात घेतले म्हणजे त्या लेखाचे वजन कळते. जिंकणाऱ्याने हरलेल्याचे देवालय मोडले नाही, उलट त्याची व्यवस्था लावून दिली आणि भिंतीवर आपले नाव कोरले. राज्य बदलल्याची नोंद याहून शांतपणे केलेली मी तरी पाहिलेली नाही.

याच परिसराशी आणखी एक मोठी घटना जोडली जाते. 1054 च्या सुमारास कोप्पम् येथे चोळ आणि कल्याणीचे चालुक्य यांच्यात लढाई झाली. तिच्यात चोळ सम्राट राजाधिराज हत्तीवरच मारला गेला आणि त्याचा धाकटा भाऊ राजेंद्र याने रणांगणावरच राज्याभिषेक करून घेतला. हे कोप्पम् म्हणजे खिद्रापूर, असे मत काही अभ्यासकांनी मांडले आहे, तर काहींच्या मते ते कर्नाटकातील कोप्पळ किंवा अन्य गाव आहे. त्यामुळे येथे येऊन 'हीच ती रणभूमी' असे कोणी ठासून सांगितले, तर हसून ऐकून घ्यावे.

माझ्या नावावरून आपल्या लक्षात आले असेलच, पण या भागातील खरा इतिहास मला गावोगावच्या महादेवाच्या देवळांबाहेर, निंबाखाली टेकून ठेवलेल्या वीरगळांत, म्हणजे झुंजीत पडलेल्या वीरांच्या स्मृतिशिळांत, दिसतो. खालच्या चौकटीत गाईंसाठी किंवा गावासाठी झालेली झुंज, मधल्या चौकटीत वीराला घेऊन जाणाऱ्या अप्सरा, वर शिवलिंगाची पूजा आणि टोकाला चंद्र-सूर्य. कोल्हापूरजवळच्या बीड गावी असे कितीतरी दगड एका जागी आहेत. शेतात नांगराला लागलेले वीरगळ बांधावर उभे केलेले मी पाहिले आहेत, आणि धुण्याचा दगड म्हणून वापरलेलेही पाहिले आहेत.

मुक्काम ठाणे

आई-वडिलांना घेऊन डिसेंबरात येण्याचा विचार आहे. दोघांचेही वय सत्तरीपुढे असून वडिलांना पायऱ्या चढता येत नाहीत. दोन दिवसांत एवढे सगळे झेपेल का? आणि मुक्काम कोठे करावा?

संगमकाठ

झेपण्यासारखे आहे, पण सगळे पाहण्याचा आग्रह धरू नये. मुक्काम वाडीतच करावा. तेथे भक्तनिवास आहेत, आणि पहाटेची काकड आरती किंवा रात्रीची पालखी ऐकायची असेल तर गावात राहिल्याशिवाय ते साधत नाही. वाडीच्या घाटाला पायऱ्या आहेत, त्यामुळे वडिलांना वरूनच दर्शन घडवावे लागेल असे गृहीत धरून चला. खिद्रापूरला जमीन सपाट आहे. स्वर्गमंडपाच्या जोत्यावर चढताना मात्र आधार द्यावा लागेल. पौर्णिमा, गुरुवार आणि दत्तजयंती हे दिवस टाळलेत तर आई-वडिलांना निवांत बसता येईल. दत्तजयंती मार्गशीर्ष पौर्णिमेला, बहुधा डिसेंबरातच येते, तेव्हा पंचांग पाहूनच तारीख ठरवावी.

वाटेत शिरोळ गावात भोजनपात्राचे मंदिर आहे. श्रीनृसिंहसरस्वतींच्या हाताचा ठसा उमटलेले दगडी भोजनपात्र तेथे पूजेत आहे. गर्दी नसते आणि पायऱ्यांचाही त्रास नाही. वाडीला येणाऱ्या दहा जणांतील नऊ जण त्याच्या शेजारून निघून जातात, असा माझा अंदाज आहे.

वीरगळ यांचे दोन्ही आक्षेप मान्य आहेत. आदिनाथ मंदिराचा उल्लेख राहिला, ही माझीच चूक.

घाटपायरी

आम्हा कुरुंदवाडकरांना वाडी आणि खिद्रापूर यांच्यामधला थांबा समजले जाते, याची आता सवय झाली आहे. तरीही नोंद करतो. पटवर्धनांच्या संस्थानाची ही राजधानी होती आणि 1948 मध्ये संस्थान विलीन झाले. संगमाजवळच्या घाटावर सेनापती संताजी घोरपडे यांची समाधी आहे. मोगली फौजांना ज्या नावाची धास्ती वाटत असे, त्या सेनापतीचा शेवट 1697 मध्ये स्वकीयांच्या वैरातून झाला. त्याच्या समाधीपुढे नदीचा आवाज आणि घाटावर धुणे आपटल्याचा आवाज, एवढेच ऐकू येते. येथे मोठे स्मारक हवे, अशी मागणी अधूनमधून होते. मला व्यक्तिशः ती जागा आहे तशीच बरी वाटते.

आणखी एक गोष्ट, जी दगडात बांधलेली नाही. कुरुंदवाडात पाच मशिदींमध्ये गणपती बसवला जातो. मोहरम आणि गणेशोत्सव एकत्र आले की पंजे आणि मूर्ती एकाच छताखाली असतात, आणि त्याबद्दल गावात कोणी भाषण करत नाही. बाहेरून वार्ताहर आले की आम्हाला थोडे अवघडल्यासारखे होते.

हळदपेव

हरिपूरची जबाबदारी मी घेतो. सांगलीपासून अगदी जवळ, वारणा जेथे कृष्णेला मिळते तेथे संगमेश्वराचे देऊळ आहे. नाटककार गोविंद बल्लाळ देवल यांचा जन्म 1855 मध्ये याच गावचा. सांगलीत 1843 मध्ये विष्णुदास भावे यांनी मराठी रंगभूमीचा पहिला प्रयोग केला आणि बारा वर्षांनी नदीच्या त्याच काठावर देवल जन्मले, म्हणून नाट्यवेड्यांनी तरी हरिपूर चुकवू नये.

पण संगमकाठ यांच्या प्रश्नाचे सर्वांत कठोर उत्तर हरिपूरच्या पेवांनी दिले आहे. पेव म्हणजे जमिनीत खोदलेले, तोंडाशी अरुंद आणि आत रुंद होत जाणारे कोठार. येथील मातीचा गुण असा की त्यात ठेवलेली हळद वर्षानुवर्षे टिकते, तिला कीड लागत नाही. सांगलीच्या हळदीच्या बाजाराची ही जमिनीखालची गोदामे होती. पेव उघडल्यावर लगेच आत उतरत नाहीत, कारण कोंडलेली हवा जिवावर बेतते. काही वेळ तोंड उघडे ठेवावे लागते. 2005 च्या महापुरात पाणी पेवांत शिरले, मोठ्या प्रमाणावर हळद गेली आणि पुष्कळ पेवे कायमची निकामी झाली. वाडीच्या मंदिराने पाण्याला दार ठेवले होते. पेवाला एकच तोंड असते.

सांगलीत थांबलात तर आयर्विन पुलावर जरूर उभे राहा. 1929 मध्ये खुला झालेला हा पूल आमच्यासाठी मोजपट्टी आहे. पावसाळ्यात सांगलीकर एकमेकांना 'पाणी किती?' असे विचारतो, तेव्हा त्याला आयर्विन पुलाजवळचे फूट अपेक्षित असतात. 2019 च्या ऑगस्टमध्ये तो आकडा 57 च्या पुढे गेला होता.

आडसाली

चर्चा वाचून आनंद झाला, पण एक गोष्ट सगळ्यांनी हळूच टाळली आहे. हा पट्टा पूर्वापार उसाचा नाही. येथे ज्वारी, भुईमूग, मिरची, तंबाखू आणि हळद होती. उसाचे राज्य आले ते धरणांच्या, उपसा सिंचन योजनांच्या आणि सहकारी कारखान्यांच्या पाठोपाठ. भोगावतीवरील राधानगरी धरणाचे काम शाहू महाराजांच्या काळात सुरू झाले आणि ते पूर्ण होण्यास स्वातंत्र्यानंतरचा काळ उजाडला. देशभक्त रत्नाप्पा कुंभार यांनी पंचगंगा कारखाना उभा केला, पुढे शिरोळला दत्त कारखाना झाला. दैवताचे नाव कारखान्याला देणारा हा प्रदेश आहे, यातच पुष्कळ काही आले.

त्याच पाण्याने शिरोळ तालुक्यातील मोठे क्षेत्र क्षारपड केले. ज्या काळ्या जमिनीवर कधीकाळी सोने पिकत असे, तेथे आज पांढरा थर आणि लव्हाळा दिसतो. जुन्या देवळांच्या भिंतींवरही तळाकडून ओल चढते. ऐतिहासिक स्थळे पाहायला येणाऱ्यांनी तीही जमीन पाहावी.

खोडवा

आडसाली यांचे म्हणणे खोटे नाही. आमच्याच मळ्यातले एक रान वीस वर्षे पडीक होते. जमिनीखाली सच्छिद्र नळ्या टाकून पाण्याचा निचरा केला, तेव्हा कोठे ते पिकाला आले, आणि त्यासाठी शेजारच्या सगळ्या शेतकऱ्यांना एकत्र यावे लागले, कारण एकट्याच्या रानातील पाणी बाहेर काढायला चर दुसऱ्याच्या बांधातून न्यावा लागतो. पण ज्या उसाला आज नावे ठेवली जातात, त्याच उसाने या गावांत शाळा आल्या, महाविद्यालये आली आणि महापुरात घर गेलेला माणूस पुन्हा उभा राहिला. दोन-चार दिवस पाण्याखाली राहूनही तग धरणारे दुसरे नगदी पीक नदीकाठाला कोणी सुचवले, तर मी लावायला तयार आहे.

वीरगळ

देवळांच्या ओलीचे कारण केवळ ऊस नाही. अनेक ठिकाणी जीर्णोद्धाराच्या नावाखाली दगडी सांध्यांत सिमेंट भरले गेले, वर तैलरंग दिला गेला आणि आत आलेले पाणी बाहेर पडेनासे झाले. चुन्याचा सांधा श्वास घेतो, सिमेंटचा घेत नाही. आमच्या गावच्या देवळात हेच झाले, आणि वर्गणी देणाऱ्यांत मीही होतो.

मुक्काम ठाणे

सर्वांचे मनःपूर्वक आभार. दत्तजयंती टाळून तारीख ठरवली आहे. पहिला दिवस हरिपूर, शिरोळ आणि वाडी, दुसरा दिवस कुरुंदवाडचा घाट आणि खिद्रापूरची दोन्ही मंदिरे. बाबा मूळचे शेतकरी कुटुंबातले असल्यामुळे त्यांना देवळांपेक्षा निचऱ्याच्या नळ्यांत अधिक रस वाटू लागला आहे. खोडवा यांची हरकत नसेल तर ते रान पाहता येईल का?

खोडवा

अवश्य या. तोडणी त्याच सुमारास असेल, म्हणून येण्याआधी दोन दिवस येथे निरोप टाका. बाबांसाठी बांधापर्यंत गाडी येते. काकवीसाठी मोठ्या तोंडाची बरणी सोबत आणा, प्लास्टिकची नको.